ऑनलाइन लिलावातला जॉर्डन अस्सल की फर्स्ट कॉपी?

पुण्याहून एका तरुणाने विचारलंय. ईबेच्या अमेरिकी साइटवर त्याला नायकेच्या एअर जॉर्डन १ ‘शिकागो लॉस्ट अँड फाउंड’ या बुटांचा न वापरलेला जोड लिलावात दिसला आहे. लिलाव संपायला तीन दिवस आहेत, बोली १९० डॉलरवर आहे, विक्रेत्याचा फीडबॅक ९७.८ टक्के. जोड डॅलसला बहिणीच्या घरी मागवायचा आणि डिसेंबरात ती भारतात येईल तेव्हा घेऊन येईल, असा बेत. त्याचे प्रश्न दोन : बोली लावू का, आणि बूट नकली निघाले तर पैसे परत मिळतील का?

आज लावू नका. तीन दिवस हातात आहेत, तेवढ्यात बरंच काही कळू शकतं. आणि बहिणीच्या घरी पार्सल महिनोन् महिने पडून राहणार असेल तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येईल. त्यावर पुढे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांचे पैसे सर्वांत जास्त तिथेच बुडताना मी पाहिले आहेत.

मी मूळचा चेंबूरचा. ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या चपला-बुटांच्या कारखान्यांना माझे वडील सोल आणि सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, पुरवायचे. फर्मा, अप्पर, शिवण हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतोय. गेली सतरा वर्षं न्यू जर्सीत आहे. त्यातली सहा वर्षं एका रीसेल, म्हणजे लोकांकडून घेतलेले बूट पुन्हा विकणाऱ्या, दुकानात तपासणीच्या टेबलावर बसलो. समोर येणारा प्रत्येक जोड हातात घ्यायचा, हुंगायचा, वाकवून बघायचा आणि ठरवायचं. लिलावात यातलं काहीच करता येत नाही, म्हणून तिथे तपासायची रीतच वेगळी.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. फोटोवरून बूट नकली असल्याचं सिद्ध होऊ शकतं, अस्सल असल्याचं मात्र होत नाही. ‘लॉस्ट अँड फाउंड’ हा जोड १९ नोव्हेंबर २०२२ रोजी बाजारात आला, दुकानातली किंमत १८० डॉलर, प्रौढांच्या मापाचा स्टाइल कोड, म्हणजे कंपनीचा मॉडेल क्रमांक, डीझेड ५४८५-६१२. फोटोतल्या लेबलवर दुसराच कोड दिसला तर विषय तिथेच संपला. पण हाच कोड दिसला म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण नकली बूट बनवणाऱ्यालाही तो ठाऊक असतो आणि तो तसाच छापतो. खोक्यावरचा बारकोड, आतला कागद, सोबतची पावती, सगळ्याला हाच नियम. चूक सापडली तर सोडून द्या. चूक सापडली नाही तर त्याचा अर्थ एवढाच, की अजून सापडलेली नाही.

नकली माल इतका चांगला का असतो? चीनच्या फुजियान प्रांतात पुतियान नावाचं शहर आहे. १९८० च्या दशकापासून तिथे परदेशी ब्रँडसाठी कंत्राटी बूट शिवणारे कारखाने उभे राहिले. कारागीर, यंत्रं, सोल ओतणारे, कापड-चामडं पुरवणारे, सगळे एकाच ठिकाणी जमले आणि त्यातूनच नकली बुटांचा धंदा वाढला. ज्यांनी हा माल शिवला, त्यांचे हात चांगल्या कामात तयार झालेले आहेत. व्याप्तीचा अंदाज यावा म्हणून एक घटना सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या बंदरात अमेरिकी सीमाशुल्क खात्याने नायकेचे १४,८०६ नकली जोड पकडले. कागदोपत्री तो माल ‘नॅपकिन’ म्हणून आला होता. अस्सल असते तर त्यांची किंमत २० लाख डॉलरच्या वर गेली असती. असे जे खोके पकडले जात नाहीत, त्यातलेच जोड पुढे कुणाच्या तरी गॅरेजमधून ‘मला भेट मिळाले, माप बसत नाही’ अशा मजकुरासह लिलावात येतात.

म्हणून मी बुटाच्या आधी विक्रेता तपासतो.

९७.८ हा आकडा आपल्याला दहावीच्या निकालासारखा वाटतो आणि मन निश्चिंत होतं. ईबेवर तो चांगला नाही. ही टक्केवारी गेल्या बारा महिन्यांची असते, आणि महागडे स्नीकर्स नियमित विकणारा नीट माणूस साधारण ९९.५ च्या वरच असतो. त्यामुळे आकडा बाजूला ठेवून आधी वाईट शेरे उघडा. ‘पार्सल उशिरा आलं’ असे चार असले तरी चालेल. ‘फेक’, ‘रेप्लिका’, ‘नॉट ऑथेंटिक’ यातला एक शब्द एकदा जरी दिसला तरी मी पुढे जात नाही. नंतर फक्त विक्रेता म्हणून मिळालेले शेरे वेगळे करून बघा, कारण कित्येक खाती स्वस्त वस्तू विकत घेऊन फीडबॅक जमवतात. दोन डॉलरची मोबाइल कव्हरं तीनशे विकली आणि गेल्या महिन्यापासून अचानक जॉर्डन सुरू झाले, अशा खात्यापासून लांब राहा. आठ वर्षं भांडीकुंडी आणि जुन्या बाहुल्या विकणाऱ्या, मग दोन वर्षं गप्प असलेल्या खात्यावर एका आठवड्यात पंधरा जोड आले, तर खातं चोरलेलं असण्याची शक्यता दाट.

मग त्याच विक्रेत्याने आधी काय विकलं ते बघा. ‘सोल्ड आयटम्स’चं फिल्टर लावलं की प्रत्यक्ष विकलेला माल आणि किंमत दोन्ही दिसतं. २०२२ सालचा, दुकानांतून केव्हाच संपलेला जोड एकाच माणसाने दोन महिन्यांत पाच मापांत विकला असेल, तर तो इतके जोड आणतो कुठून? मोठ्या नावाजलेल्या दुकानाकडे उत्तर असतं. ‘घर आवरतोय, एकच जोड आहे’ असं लिहिणाऱ्याकडे नसतं.

किमतीबद्दल बोलायचं तर लिलावाला साध्या दुकानाचा नियम लागू करू नका. ठरलेल्या किमतीत १९० डॉलरला हा जोड दिसला असता तर मी लगेच नकली म्हणालो असतो. लिलावात मात्र खरा विक्रेताही ९९ सेंटपासून सुरुवात करतो, आणि जाणकार खरेदीदार शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात. त्यामुळे तीन दिवस आधीची १९० ही बोली तुम्हाला काहीच सांगत नाही. सांगते ती शेवटची किंमत. त्याच विक्रेत्याचे आधीचे जॉर्डन कितीला गेले ते पाहा. इतरांचे तेच जोड ज्या भावाने जातात त्याच्या निम्म्यावर याचे प्रत्येक वेळी संपत असतील, तर इथे वर्षानुवर्षं बसलेले व्यापारी त्याच्या मालाला हात लावत नाहीत, असा त्याचा अर्थ. दोन-तीनशे डॉलरचा नफा समोर दिसत असताना ते उगाच सोडून देत नाहीत. मला यापेक्षा भरवशाची खूण दुसरी माहीत नाही आणि ती फुकट मिळते.

उलट बाजूनेही सावध राहा. बोलींचा इतिहास उघडलात की बोली लावणाऱ्यांची अर्धवट झाकलेली नावं दिसतात, आणि त्यांनी याच विक्रेत्याकडे किती टक्के बोली लावल्या तेही दिसतं. एखादा बोलीदार शंभर टक्के याच्याकडेच बोली लावतो आणि जिंकत कधीच नाही, तर भाव चढवायला घरचाच माणूस बसवला आहे.

आता बुटाकडे येऊ. आपली मुलं मापाने फसतात, म्हणून आधी माप. आपण भारतात यूकेचं माप सांगतो, ईबेच्या अमेरिकी साइटवर अमेरिकी माप असतं. नायके-जॉर्डनमध्ये पुरुषांचं यूके ९ म्हणजे यूएस १०, युरोपीय ४४, २८ सेंटिमीटर. हे चारही आकडे बुटाच्या आतल्या लेबलवर एका ओळीत येतात आणि त्यांचा मेळ बसलाच पाहिजे. आडिडासमध्ये तेच यूके ९ म्हणजे यूएस ९.५. म्हणजे एका ब्रँडचा तक्ता दुसऱ्याला लावला तर माप चुकणारच, आणि चुकलेल्या मापाचा अस्सल जोडही तुमच्या काही कामाचा नाही.

विक्रेत्याला आजच निरोप पाठवा, लिलावाच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. हे फोटो मागा. दोन्ही बुटांच्या आतली लेबलं वेगवेगळी, अक्षर वाचता येईल इतक्या जवळून. खोक्यावरचं लेबल. दोन्ही टाचा मागून, बूट शेजारी शेजारी ठेवून. वरून, बोटांकडचा भाग दिसेल असा. इनसोल, म्हणजे पायाखालचा आतला थर, उचलून आतली शिवण. आणि एका फोटोत बुटाशेजारी हाताने लिहिलेला कागद, त्यावर त्याचं खात्याचं नाव आणि आजची तारीख. हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण कित्येक फसव्या जाहिरातींत बुटाचे फोटो अस्सल असतात, पण दुसऱ्याच्या बुटाचे. जाहिरातीतला प्रत्येक फोटो गूगल लेन्समध्येही टाकून बघा. तोच गालिचा, तीच खिडकी दुसऱ्या कुणाच्या जुन्या जाहिरातीत सापडली की निर्णय झाला.

प्रामाणिक विक्रेता कंटाळतो, पण फोटो पाठवतो. ‘माझा जोड शंभर टक्के खरा आहे, विश्वास नसेल तर घेऊ नका’ असं उत्तर आलं तर त्याचं ऐका आणि घेऊ नका.

फोटो आल्यावर काय बघायचं? दोन्ही लेबलांवरचा स्टाइल कोड खोक्याशी जुळतो का ते बघा. लेबलवर बूट कारखान्यात बनल्याच्या तारखा असतात, त्या बाजारात येण्याच्या तारखेच्या काही महिने आधीच्या हव्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या जोडावर त्यानंतर कित्येक महिन्यांनी बनल्याची तारीख असेल तर मी तिथेच थांबेन. आडिडासचा जोड असेल तर लेबलच्या तळाचा अनुक्रमांक डाव्या-उजव्या बुटावर वेगळा असतो, आणि दोन्हीकडे एकच असेल तर ती नकलीची जुनी खूण. नायकेला हा नियम लावू नका, उगाच चांगला जोड हातचा घालवाल.

त्यानंतर आकार, आणि माझा खरा भरवसा यावरच. बूट ज्या फर्म्यावर ताणून शिवतात, त्याचा घाट शेवटपर्यंत बुटात राहतो. कोड, अक्षरं, रंग यांची नक्कल सोपी असते, फर्मा हुबेहूब मिळवणं अवघड. १९८५ साली बाजारात आलेला मूळचा जॉर्डन १ पीटर मूर यांनी आखला. त्याची टाच मागून पाहिली की वरती रुंद, मध्ये आत गेलेली आणि खाली पुन्हा रुंद दिसते. नकली जोडात ती बहुतेकदा सरळ खांबासारखी उतरते. बोटांकडचा भाग अस्सलमध्ये पुढे उतरत जातो, नकलीत डब्यासारखा फुगलेला राहतो. घोट्यावरचं पंखांचं चिन्ह चामड्यात दाबलेलं असतं, त्याच्या कडा खोल आणि स्पष्ट दिसल्या पाहिजेत. एकाच फोटोवर ठरवू नका. त्याच कोडचा अस्सल जोड त्याच कोनातून शेजारी उघडा आणि दहा मिनिटं दोघांकडे बघत बसा. वडील नवीन पोऱ्याला आधी आठवडाभर नुसते चांगले सोल हातात देऊन बघायला लावायचे आणि मगच खराब सोल दाखवायचे. डोळा असाच तयार होतो.

या जोडाच्या बाबतीत एक खास घोटाळा आहे. ‘लॉस्ट अँड फाउंड’ मुद्दामच जुना दिसेल असा बनवलाय. घोट्याकडचं काळं चामडं तडकलेलं, सोलची कड पिवळसर, खोक्याचं झाकण एका रंगाचं आणि खालचा भाग दुसऱ्याच, आत जुन्या दुकानाची वाटावी अशी पावती. कोपऱ्यातल्या एखाद्या दुकानाच्या माळ्यावर १९८५ चा जोड सापडला, अशी त्यामागची कल्पना. पहिल्यांदाच घेणारे तडे बघून ‘डॅमेज’ म्हणतात किंवा झाकण बघून ‘खोका बदललाय’ म्हणतात. उलट ज्या जोडाचं चामडं एकदम गुळगुळीत आणि सोल पांढराशुभ्र आहे, त्याच्याकडे संशयाने बघायला हवं. मॉडेलची कुंडली माहीत नसेल तर खूण उलटी वाचली जाते. असंच दुसरं उदाहरण म्हणजे जॉर्डन ११ ‘कॉनकॉर्ड’. २०११ च्या जोडाच्या टाचेवर २३ आकडा आहे, २०१८ च्या जोडाच्या टाचेवर ४५. जाहिरातीत २०१८ लिहून टाचेवर २३ दाखवणारा माणूस एकतर अजाण आहे किंवा लबाड, आणि दोन्ही बाबतींत पैसे तुमचेच जाणार.

त्या २०११ च्या कॉनकॉर्डमध्ये मी स्वतः फसलोय. २०१२ ची गोष्ट. लिलाव जिंकला, २१० डॉलर. विक्रेत्याचा निरोप आला की साइटबाहेर थेट पैसे पाठवलेस तर १५ डॉलर कमी घेईन. मी पाठवले. आलेल्या जोडाच्या तळाला, जिथे कार्बन फायबरची पट्टी असते, तिथे प्लास्टिकवर विणीचं चित्र छापलेलं होतं. नखाने टकटक केलं आणि आवाजावरूनच कळलं. वडिलांच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला मी, मला बूट ओळखता येत नव्हता असं नाही. बूट हातात येण्याआधीच मी पैसे परत मिळण्याचा रस्ता १५ डॉलरला विकून टाकला होता. त्या माणसाने नंतर एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही.

म्हणून पैसे साइटच्या आतच, आणि क्रेडिट कार्डाने. झेल हे अमेरिकेतलं पैसे पाठवायचं अ‍ॅप, बँक ट्रान्सफर, पेपॅलचं ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ यातून गेलेल्या पैशांना खरेदीदाराचं कोणतंही संरक्षण नसतं. लिलाव हरल्यावर ‘पहिल्या माणसाने पैसे भरले नाहीत, तुम्हाला देतो’ असा ईमेल आला तर साइटवरच्या आपल्या खात्यात तशी सेकंड चान्स ऑफर आली आहे का ते पाहा. तिथे नसेल तर तो ईमेल खोटा.

आता पडताळणीचं चिन्ह. ईबेने ऑक्टोबर २०२० मध्ये स्नीकर्ससाठी ‘ऑथेंटिसिटी गॅरंटी’ सुरू केली. विक्रेता जोड आधी तपासणी केंद्रात पाठवतो, तिथे तज्ज्ञ बघतात, टॅग लावतात आणि मगच तो तुमच्याकडे येतो. किती किमतीच्या वर ही सोय लागू होते ती अट वेळोवेळी बदलते. म्हणून आकडा पाठ करू नका, तुमच्या जाहिरातीवर ते निळं चिन्ह आहे का तेवढं बघा. असेल तर माझी निम्मी काळजी मिटली. नसेल, आणि तुम्हाला बुटांचा अनुभव नसेल, तर हा लिलाव सोडा आणि चिन्ह असलेला दुसरा शोधा. हे मॉडेल इतकं दुर्मीळ नाही की पुन्हा दिसणारच नाही.

निम्मीच का म्हणालो? तपासणारीही माणसंच. नायकेने मे २०२२ मध्ये स्टॉकएक्स या मोठ्या रीसेल कंपनीविरुद्धच्या खटल्यात सांगितलं, की आपण तिथून घेतलेले, तपासणीतून पार पडलेले चार जोड नकली निघाले. त्याच वर्षी स्टॉकएक्सने ‘ऑथेंटिक’ हा शब्द सोडून नुसतं ‘व्हेरिफाइड’ म्हणायला सुरुवात केली, आणि मार्च २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयाने ३७ नकली जोडांच्या विक्रीसाठी तिला जबाबदार धरलं. मी स्वतः टेबलावर बसलेलो आहे. दिवसाकाठी शेकड्यांनी जोड समोर येतात तेव्हा डोळा चुकतो, हे मी नाकारणार नाही. तरीही चिन्ह असलेला व्यवहार चिन्ह नसलेल्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. मात्र एखादा विक्रेता ‘माझ्याकडे अमुक कंपनीचा टॅग आहे, पावती आहे’ म्हणत असेल तर त्याला किंमत देऊ नका. टॅगही नकली मिळतात आणि पावत्याही. तपासणी तुमच्या या खरेदीत व्हायला हवी, आधी कधीतरी झालेली चालत नाही.

‘यूए’ (अनऑथराइज्ड ऑथेंटिक), ‘फॅक्टरी व्हेरिएंट’, ‘बी ग्रेड’, ‘कारखान्यातून मागच्या दाराने आलेला’ असे शब्द जाहिरातीत दिसले तर सरळ नकली समजा. मुंबईच्या लिंकिंग रोडवरचा विक्रेता निदान तोंडावर ‘फर्स्ट कॉपी आहे साहेब’ म्हणतो. हे शब्द तेच झाकून सांगतात.

जुन्या जोडांचा मोह असेल तर थोडं वेगळं ज्ञान लागतं. १९८८ चा जॉर्डन ३ किंवा १९८९ चा जॉर्डन ४ ‘कधीच न वापरलेला, आजही घालता येईल असा’ म्हणून कुणी विकत असेल तर ते जवळपास अशक्य आहे. त्या बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन आहे आणि ते हवेतल्या दमटपणाने आतून विरघळत जातं. मुंबईत माळ्यावर ठेवलेल्या बुटाचा सोल पावसाळ्यात हातात भुगा होऊन येतो, तोच हा प्रकार. न वापरलेला जोडही त्यातून सुटत नाही, उलट पडून राहिलेला लवकर जातो. १९८५ च्या जॉर्डन १ चा सोल रबराच्या वाटीसारखा आहे, म्हणून तो टिकतो. त्याहून वरच्या, खेळाडूने वापरलेल्या जोडांचा बाजार सामान्य माणसाचा नाही. मे २०२० मध्ये सदबीज या लिलावसंस्थेच्या ऑनलाइन लिलावात मायकेल जॉर्डनची सही असलेला १९८५ चा जोड ५ लाख ६० हजार डॉलरला गेला. तिथे बुटावरची एकेक सुरकुती सामन्यांच्या जुन्या छायाचित्रांशी ताडून बघतात. असा जोड तीन हजार डॉलरला ‘सर्टिफिकेटसह’ दिसला तर त्या कागदाला काहीही किंमत देऊ नका.

आता बहिणीच्या घराचा मुद्दा. ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत माल वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार साधारण ३० दिवसांच्या आत करावी लागते, आणि हे दिवस पार्सल पोचल्यापासून मोजतात, तुम्ही खोका उघडल्यापासून नाही. सप्टेंबरात डॅलसला पोचलेला जोड तुम्ही डिसेंबरात पुण्यात उघडलात तर मुदत केव्हाच संपलेली असेल. पडताळणीचा टॅग लागून आलेला जोड असेल आणि विक्रेत्याने परतीची सोय ठेवली असेल, तरी टॅग शाबूत असल्याशिवाय तो परत घेत नाहीत. म्हणजे भावाला घालून बघायला सोपं जावं म्हणून बहिणीने प्रेमाने टॅग कापून ठेवला तर तेही दार बंद.

म्हणून ताईंना आधीच सांगून ठेवा. पार्सल आलं त्याच दिवशी, खोका बंद असल्यापासून एकसलग व्हिडिओ चालू ठेवून उघडायचा. टॅगला हात लावायचा नाही. दोन्ही लेबलं, टाचा, तळ, इनसोलखालची शिवण यांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून तुम्हाला पाठवायचे. बूट नाकाशी धरायचा. नव्या बुटाला वास असतोच, पण नकली बुटाचा खोका उघडला की सोल्यूशनचा वास खोलीभर पसरतो आणि दोन दिवसांनीही जात नाही. तुम्ही ते फोटो पैसे घेऊन अस्सल-नकलीचं मत देणाऱ्या एखाद्या लेजिट चेक सेवेकडे पाठवा, एकापेक्षा दोन ठिकाणी बरं. त्यांचं मतही फोटोवरचंच, पण हे फोटो तुमच्याच जोडाचे असतील, जाहिरातीतले नसतील, आणि तक्रारीत ते जोडता येतात. आठवड्याभरात हे सगळं उरकलं तर तीन आठवडे हातात राहतात.

एक इशारा उलट बाजूचाही. एखादा धागा बाहेर आलेला, सोल्यूशनचा थोडा डाग, डावा-उजवा स्वूश (नायकेचं चिन्ह) एका मिलिमीटरने खालीवर, एवढ्यावरून अस्सल जोडाला नकली म्हणू नका. अस्सल बूटही व्हिएतनाम, इंडोनेशिया, चीनमधल्या कंत्राटी कारखान्यांत माणसंच शिवतात. टेबलावर सर्वांत व्यवस्थित शिवण मला कित्येकदा नकली जोडांवर दिसलेली आहे.

खरंच नकली निघाला तर तक्रार साइटवरूनच करा, विक्रेत्याशी फोनवर बोलत बसू नका. तो ‘तक्रार मागे घे, मी अर्धे पैसे देतो’ म्हणेल. मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडता येईल असं धरून चालू नका. आणि चिडून तो जोड भारतात ओएलएक्सवर किंवा मित्राला अस्सल म्हणून खपवू नका. आपल्या व्यापारचिन्ह कायदा १९९९ च्या कलम १०४ खाली खोटं चिन्ह लावलेला माल विकल्याबद्दल सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. शिवाय समोरचा माणूस तुमच्यासारखाच पै-पै साठवून आलेला असतो. भारतातल्या एखाद्या साइटवरून घेतलेला जोड नकली निघाला तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे अशा साइटने विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवणं बंधनकारक आहे, खरेदीआधी ते बघून घ्या.

आता तुमच्यापुरतं. आज विक्रेत्याला फोटो मागा, वाईट शेरे वाचा, निळं चिन्ह बघा. तिन्ही ठीक असेल तर तुमच्या मापाचे असेच जोड गेल्या महिन्यात प्रत्यक्ष कितीला विकले गेले ते बघून तुमची कमाल रक्कम आजच कागदावर लिहा, त्यात पाठवणीचा खर्च धरा. ईबेवर कमाल बोली एकदा टाकली की साइट तुमच्या वतीने गरजेपुरतीच वाढवत नेते, त्यामुळे शेवटच्या मिनिटात ती एकदाच टाका आणि स्क्रीन बंद करा. मनात आलं म्हणून बोली मागे घेता येत नाही. लिलाव त्या रकमेच्या वर गेला तर जाऊ द्या. लेबलांचे फोटो आले की मलाही पाठवा, टाचेचा फोटो त्यात नक्की असू द्या.